गिरसप्पा, जवळून

"उजू, इथनं मला नुसतं पांढरंच दिसतंय गं," आई म्हणाली.

कठड्याच्या लोखंडी दांड्याला दोन्ही हातांनी धरून ती उभी होती. दरीच्या पलीकडे गिरसप्पाच्या चारही धारा उन्हात सरळ खाली कोसळत होत्या. शिरसीच्या लॉजवाल्यानं आदल्या दिवशी आम्हांला बजावून सांगितलं होतं, धुकं असलं तर तासन्‌तास वाट बघत बसावं लागेल. पण आज आभाळ पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

"पाणी पांढरंच असतं, आई," मी म्हणाले आणि निखिलच्या डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तसं नव्हे. जवळ जायला हवं. खाली उतरायला पायऱ्या आहेत म्हणे ना?"

ही चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तेव्हा नुकतीच एक वापरलेली फियाट घेतली होती आणि पहिली लांबची सहल कुठे काढायची यावर घरात रोज खल चालला होता. महाबळेश्वर जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात गडहिंग्लजहून आईचं कार्ड आलं. 'कुठे निघणार असाल तर मला एकदा गिरसप्पा दाखवा.' एवढंच.

आईनं कधी कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मुलींच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवून तिनं मला वाढवलं, माझं लग्न केलं. नेसरीकर बाई म्हटलं की गावात आजही बायका पदर सावरतात. सव्वीस वर्षं तिनं गिरसप्पाचा धडा शिकवला होता. फळ्यावर निळ्या खडूनं चार रेघा ओढायची आणि मुलींकडून घोकून घ्यायची, राजा, राणी, रोअरर, रॉकेट. मीही तिच्याच वर्गात होते. मीही घोकलं होतं.

तर कार्ड आलं आणि महाबळेश्वर बारगळलं. सासूबाईंना ते फारसं रुचलं नव्हतं. "विहीणबाईंनी हट्टच केलाय म्हणजे," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना आम्ही माई म्हणायचो. माई आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, पण रोज सकाळी रंकाळ्याला चक्कर मारणाऱ्या, काटक. सहलीसाठी त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते.

आम्ही सहाजण होतो. हे, मी, माई, आई, सहा वर्षांचा निखिल आणि दीड वर्षाची गौरी. कोल्हापूर सोडल्यापासून आईचं काही ना काही चुकत होतं. बेळगावात जेवताना तिनं तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं आणि ते माईंच्या साडीवर सांडलं. शिरसीच्या लॉजवर शेवटची पायरी तिच्या लक्षातच आली नाही. ती धडपडली, हातातली पिशवी उडाली, चकल्या जिन्यात पसरल्या. ह्यांनी धावत जाऊन सावरलं. माई माझ्याकडे बघून हसल्या. वाईट अर्थानं नसतील हसल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आई अशी नव्हती. माझी आई डोक्यावर घागर घेऊन निसरड्या दगडांवरून चालत यायची. मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "जरा बघून चाल की. सगळे बघताहेत." ती "हो गं" म्हणाली आणि चकल्या वेचायला खाली बसली. वेचताना तीन चकल्या तिच्या पायाशीच राहिल्या. त्या मी उचलल्या.

आणि आता कठड्याशी उभी राहून ती खाली उतरायचं म्हणत होती.

"आई, बाराशेच्या वर पायऱ्या आहेत," हे म्हणाले. ते आईशी कधी मोठ्या आवाजात बोलले नाहीत. "उतरताना काही वाटणार नाही, पण चढताना दम लागेल. तुमचे गुडघे..."

"गुडघे बरे आहेत, मनोहरराव. शाळेचा माडीवरचा वर्ग आहे माझा."

"पण मग गौरीला कोण बघणार?" माई म्हणाल्या. "तिला कडेवर घेऊन काही एवढं उतरता येणार नाही. सकाळपासून अंगही कोमट लागतंय तिचं."

माईंनी बुटांच्या नाड्या आवळून बांधल्या होत्या. ह्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. निखिल तर पळत सुटायच्या बेतातच होता. राहिलो आम्ही दोघी. आईनं माझ्याकडे तोंड केलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखी ती बघत होती.

मी म्हणू शकले असते, मी थांबते गौरीजवळ, तू जा. नाहीतर, आपण दोघी मागून जाऊ. पण मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. लग्नानंतर पहिल्यांदा अशी मोकळी बाहेर पडले होते, आणि त्या पाण्याचा आवाज छातीत घुमत होता.

"आई, तू थांब ना," मी म्हणाले. "काल साध्या जिन्यावर पडत होतीस. इथे काही झालं तर केवढ्याला पडेल?"

ती म्हणाली, "बरं. तुम्ही जाऊन या. आल्यावर मी जाईन. तू येशील ना माझ्याबरोबर?"

"येईन की."

"नक्की?"

"अगं हो, नक्की."

तिनं गौरीला घेतलं आणि झाडाखाली सतरंजीवर जाऊन बसली.

खोटं कशाला बोलू, खाली उतरताना मला तिची आठवण झाली नाही. पायऱ्या ओल्या होत्या, कडेच्या दगडांवर शेवाळ होतं. जसजसं खाली जावं तसतसा आवाज वाढत गेला आणि शेवटी एकमेकांच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू येईना. तळाशी पोचलो तेव्हा वाऱ्याबरोबर पाण्याचा फवारा आला आणि आम्ही चौघंही क्षणात भिजलो. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी धारेचा उगम दिसत नव्हता. पाणी खाली पडतंय असं वाटतच नव्हतं, आख्खा डोंगरच सैल होऊन उतरतोय असं वाटत होतं. निखिल इंद्रधनुष्य पकडायला धावत होता. माई दगडावर बसून पाण्यात पाय सोडून लहान मुलीसारख्या हसत होत्या. ह्यांनी फोटोंचा आख्खा रोल संपवला.

चढताना मात्र सगळ्यांची दमछाक झाली. माईंना दर वीस पायऱ्यांवर बसायला लागत होतं. निखिलला ह्यांनी पाठुंगळी घेतलं. वर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते.

आई सतरंजीवर तशीच बसली होती. गौरी शेजारी डबा वाजवत होती. आईनं आपल्या पदराचं टोक गौरीच्या कमरेला बांधलं होतं, पक्की गाठ मारून.

"हे काय, वासरू आहे का ते?" मी हसत म्हणाले.

"कुठं जाईल, काय करील," आई म्हणाली. तिनं चाचपून गाठ सोडली, गौरीला माझ्या मांडीवर दिलं आणि उठून उभी राहिली. "चल."

"कुठे?"

"खाली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. शिरसीपर्यंतचा रस्ता जंगलातला, वळणावळणाचा. गाडी जुनी, आणि एक दिवा मधूनच बंद पडत होता. अंधाराच्या आत पोचायला हवं होतं.

"आई, माझे पाय बघ कसे थरथरताहेत," मी म्हणाले. "पुढच्या वेळी येऊ ना आपण. खास तुझ्यासाठी येऊ."

"पुढच्या वेळी नको. आज."

तिच्या आवाजात असं काही होतं की माईंनीसुद्धा वर बघितलं. मी ओशाळले. मग मला राग आला. चारचौघांत हट्ट करणाऱ्या मुलाचा येतो तसा.

"मला खरंच जमणार नाही," मी म्हणाले.

"मग मी एकटी जाते. चार वाजेपर्यंत जाऊन येते, मनोहरराव. चालेल ना?"

जावयानं काय म्हणावं? "सावकाश जा," हे म्हणाले.

ती गेली. पायऱ्या सुरू होतात तिथपर्यंत ताठ चालत गेली. पहिल्या पायरीशी थांबली, बाजूच्या दगडी भिंतीला हात लावला आणि दिसेनाशी झाली. मी तिच्या मागे गेले नाही. गौरीला भात भरवला, मी दोन घास खाल्ले आणि सतरंजीवर आडवी झाले.

साडेतीन वाजले. चार वाजले. हे गाडीभोवती फेऱ्या मारायला लागले. माई म्हणाल्या, "विहीणबाईंना हौस भारी." पुन्हा पाच मिनिटांनी म्हणाल्या, "एवढी कसली हौस बाई." वर येणाऱ्या लोकांना मी विचारत होते, पांढरं पातळ नेसलेल्या बाई दिसल्या का? एकानं कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि बसल्याची खूण केली. मला त्याचा अर्थ लागला नाही.

"जाऊन बघ," हे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

मी पोटऱ्या धरत उतरायला लागले आणि प्रत्येक पायरीला मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिले. दोनएकशे पायऱ्यांवर एक वळण होतं. तिथे ती मला दिसली.

ती बसून उतरत होती. एका पायरीवर बसायची, पाय पुढे करून खालची पायरी चाचपायची, हातानं दगडाची कड शोधायची आणि मग खाली सरकायची. पातळ मागून चिखलानं भरलं होतं. चपला काढून तिनं काखेत धरल्या होत्या. पावणेदोन तासांत ती एवढंच अंतर उतरली होती. खालून येणारी चार पोरं तिला वळसा घालून, मागे वळून बघत वर गेली. त्यातलं एक हसलं.

ते हसणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"आई!"

ती थांबली. मान वळवली, पण नजर माझ्यावर नाही, माझ्या बाजूच्या झाडावर ठेवली. "आलीस? बरं झालं. आता थोडंच राहिलं असेल ना गं?"

"थोडं? हजार पायऱ्या राहिल्यात! काय चाललंय तुझं? लोक हसताहेत. वर सगळ्यांचा खोळंबा झालाय, गौरी रडतेय. दुसऱ्याच्या गाडीतून आल्यावर असे हट्ट करायचे नसतात, एवढंही कळत नाही तुला?"

तिनं तळहात पातळाला पुसले. साली निघून ते लालभडक झाले होते. मग तिनं हळूच विचारलं, "पाणी कुठल्या बाजूला आहे? आवाज सगळीकडनं येतोय. इथनं दिसतं का?"

त्या वळणावरून झाडी संपत होती आणि राजाची धार सरळ समोर होती. उघडी, आख्खी, वरपासून खालपर्यंत.

"हे काय समोर!" मी ओरडले. "एवढा डोंगराएवढा धबधबा दिसत नाही? डोळे फुटलेत का तुझे?"

आपल्याकडे उठता-बसता बोलतात हे. हातातून कप पडला तरी बोलतात.

आईचं तोंड किंचित उघडलं होतं. ती काहीतरी सांगणार होती. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. मग तिनं तोंड मिटलं, भिंतीला धरून उठली आणि हात पुढे केला.

"चल वर," म्हणाली.

सगळे दोनशे दगड चढेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. तिची नखं रुतत होती. मी ती रागाची समजत होते.

वर आल्यावर ती ह्यांना म्हणाली, "माफ करा हं, मनोहरराव. तुमचा खोळंबा केला." ह्यांनी "छे छे" म्हणून दार उघडलं. परतीच्या वाटेवर मी पुढे बसले आणि पाठीमागे बघितलं नाही. मागे आई निखिलला विचारत होती, खाली काय काय होतं? पाणी अंगावर आलं तेव्हा गार होतं का कोमट? इंद्रधनुष्य आख्खं होतं का अर्धं? दगड कसले होते, काळे का तांबडे? निखिलला तेवढंच पाहिजे होतं. तो शिरसी येईपर्यंत थांबला नाही. नातवाला खूश करतेय झालं, असं मला वाटलं. मला त्याचाही राग येत होता.

कोल्हापूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीनं गडहिंग्लजला गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले नाही. ह्यांनी सोडलं.

त्यानंतर तिची कार्डं आली नाहीत. मीही ताठ्यात राहिले. चुकलं तिचं, लिहील ती, असं म्हणत दोन महिने काढले. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, त्याचंही उत्तर नाही. जानेवारीच्या अखेरीला तिच्या शाळेतल्या तोडकर बाईंचं पत्र आलं. 'येऊन जा. काळजीचं नाही, पण येऊन जा.'

मी आधी शाळेतच गेले. तोडकर बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला.

"बाईंनी राजीनामा दिला पहिल्या तारखेला," त्या म्हणाल्या. "आता अगदी फळा हाताशी असला तरी दिसत नव्हता त्यांना. मुली सांभाळून घ्यायच्या हो, पण किती दिवस?"

"काय दिसत नव्हतं?"

तोडकर बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हांला सांगितलं नाही त्यांनी?"

मिरजेच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. साखरेनं डोळ्यांचा पडदा खाल्लाय, इलाज नाही. लांबचं गेलंच आहे, जवळचं काही महिने थोडंफार दिसेल, मग तेही जाईल. तोडकर बाई तिच्याबरोबर होत्या.

"येताना एसटीत रडतील असं मला वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "पण नाही. म्हणाल्या, सगळं आयुष्य पोरींना गिरसप्पा शिकवला, तेवढा एकदा बघून घेते. लांबनं काही दिसायचं नाही, पण अगदी जवळ गेलं तर दिसेल. उजूला लिहिते."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पण तुम्ही फार पुण्य केलंत बघा," तोडकर बाई सांगत होत्या. "सुट्टीनंतर आल्या तेव्हा चौथीच्या पोरींना तासभर सगळं सांगितलं त्यांनी. शेजारच्या वर्गातल्यासुद्धा येऊन बसल्या होत्या. पाणी कसं गार लागलं, दगड कसे काळेकुळकुळीत, इंद्रधनुष्य अर्धंच कसं होतं. म्हणाल्या, माझ्या मुलीनं हाताला धरून मला पायथ्यापर्यंत नेलं. एवढ्या पायऱ्या! आम्ही सगळ्या म्हणालो, लेक असावी तर अशी."

मला त्या खोलीतून बाहेर पडल्याचं आठवत नाही.

आई घरी होती. मागच्या अंगणात, नळाजवळच्या दगडावर बसून भांडी घासत होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"कोण?"

"मी आहे. उजू."

"ये. बस." भांडं विसळून तिनं पालथं घातलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसले. "आई, का नाही सांगितलंस मला?"

"आधी सांगितलं असतं तर नेलं असतंत का? डोळे गेलेल्या बाईला कोण दरीत उतरवतं?"

"मग तिथे तरी सांगायचंस. पायऱ्यांवर."

"सांगणारच होते." ती पुढचं ताट घेऊन राखेनं घासायला लागली. "तू विचारलंस तेव्हा अगदी ओठावर आलं होतं. पण म्हटलं, तू विचारलंयस ते उत्तर ऐकायला नव्हे."

मला रडू फुटलं. मी तिचे हात धरले, राखेसकट. म्हणाले, आई, आपण दोघीच जाऊ. उद्या जाऊ. मी तुला पाठीवर घेऊन उतरेन. दिसलं नाही तरी तुला पाणी अंगावर येईल, आवाज ऐकू येईल.

तिनं माझ्या हातांतून हात सोडवून घेतले.

"आवाज काय गं," ती म्हणाली, "नळाचाही येतो."

मी म्हणाले, मग माझ्याकडे चल. कायमची. ती नको म्हणाली. नंतरच्या अकरा वर्षांत मी किती वेळा विचारलं त्याला गणती नाही. दर वेळी ती नको म्हणाली, अगदी गोड आवाजात. शेवटपर्यंत तोडकर बाईंची भाची तिच्याजवळ राहिली.

त्या दिवशी भांडी झाल्यावर तिनं घागर नळाखाली लावली. भरत आल्याचं तिला आवाजावरून कळलं. ती उचलायला वाकली तशी मी लगबगीनं उठले.

"तू बस," आई म्हणाली. "पाहुण्यांना कामाला लावू नये."

एक हात भिंतीवरून सरकवत, घागर कमरेवर घेऊन ती आत गेली. उंबऱ्याशी थांबली, पायानं तो चाचपला आणि ओलांडला. मी अंगणात बसून राहिले. नळ तिनं नीट बंद केला होता.